सारांशाच्या बाहेर राहिलेले आकडे

मोजमापांची कच्ची यादी वाचायला मला मनापासून आवडतं. ज्या क्रमाने मोजलं त्याच क्रमाने लिहिलेले आकडे. बहुतेक ठिकाणी दशांश चिन्हापुढे एक अंक, अधूनमधून दोन. मध्येच एखादी रिकामी चौकट. एखादा आकडा खोडून शेजारी लिहिलेला दुसरा. अशा यादीतून लगेच काहीच कळत नाही, पण सगळं त्यातच असतं. मोजणारा कुठे थकला, उपकरण कधी बदललं, घाई कुठे झाली, याच्या खुणासुद्धा तिथे सापडतात. मग आपण तिला नीटनेटकं करायला बसतो आणि त्या खुणा एकेक करून पुसल्या जातात.

संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा नीटनेटकं करण्याचा भाग सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात लवकर उरकला जातो. वारंवारता सारणी (कोणत्या गटात किती आकडे पडतात याचा तक्ता), स्तंभालेख, आयतालेख (त्या गटांचे एकमेकांना चिकटून काढलेले आयत), वृत्तालेख, मध्य (म्हणजे सरासरी), मध्यक, बहुलक. सूत्रं पाठ केली की गुण हमखास मिळतात, म्हणून हे प्रकरण सोपं समजलं जातं. संभाव्यता आणि चाचण्या आल्या की खरा विषय सुरू झाला, असं शिकणाऱ्यांना वाटतं आणि बऱ्याचदा शिकवणाऱ्यांनाही. मला हे अजिबात पटत नाही. पुढच्या चाचण्या कितीही सूक्ष्म असल्या तरी त्या उभ्या राहतात या पहिल्या मांडणीवर, आणि मांडणीच्या प्रत्येक पायरीवर आपण काहीतरी टाकून देत असतो. दीडशे आकड्यांचे सहा गट केले की दीडशे आकडे गेले, सहा वारंवारता उरल्या. त्यांची सरासरी काढली की गटही गेले, एक संख्या उरली. हे टाकून देणं चूक नाही. दीडशे आकडे एकदम डोक्यात ठेवणं कुणालाच जमत नाही, म्हणून तर संक्षेप करायचा. माझा आग्रह एवढाच असतो की काय टाकलं हे टाकणाऱ्याला ठाऊक असावं, आणि वाचणाऱ्याला मागे जायचं असेल तर वाट शिल्लक असावी.

पहिली पायरी अगदी साधी वाटते: आकडे चढत्या क्रमाने लावणं. लावल्याबरोबर सगळ्यात लहान कोणता, सगळ्यात मोठा कोणता, गर्दी कुठे आहे हे दिसायला लागतं. एखादी अशक्य नोंदही इथेच पकडली जाते, म्हणजे माणसाचं वय २१० वर्षं किंवा उंची १७ सेंटिमीटर. पण याच पायरीवर कोणता आकडा आधी आला आणि कोणता नंतर, ही माहिती जाते. पुष्कळदा ती नको असते. कधी कधी मात्र तिच्यातच सगळी गोष्ट दडलेली असते. याचं एक उदाहरण पुढे देणार आहे, कारण ते मला या विषयातलं सगळ्यात सुंदर उदाहरण वाटतं.

दुसरी पायरी वर्गीकरणाची. हिच्याबद्दल बोलताना मला जॉन ग्राँट आठवतोच. लंडनमधला हा कापड आणि शिवणसामानाचा व्यापारी. तिथल्या चर्चच्या हद्दींमधून दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जायची. कुणी साथीने गेलं, कुणी तापाने, कुणी म्हातारपणाने. लोक ती वाचायचे, साथ वाढते आहे का एवढं बघायचे आणि बाजूला ठेवायचे. ग्राँटने अशा कित्येक वर्षांच्या याद्या एकत्र केल्या, कारणांनुसार तक्ते केले आणि १६६२ मध्ये आपली निरीक्षणं छापली. मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात, हे त्याला त्या तक्त्यांत दिसलं. मला त्याची दुसरी गोष्ट जास्त थक्क करते. याद्यांमध्ये मरणाऱ्याचं वय नोंदवलेलं नव्हतं. ग्राँटने मृत्यूची कारणं घेतली, लहान मुलांनाच होणारे आजार वेगळे काढले, इतर काही आजारांतल्या बळींचा थोडा वाटा मुलांकडे धरला, आणि जन्मलेल्या १०० पैकी सुमारे ३६ मुलं सहा वर्षांची होण्याआधीच जातात असा अंदाज बांधला. जो रकाना यादीत नव्हताच, तो त्याने दुसऱ्या रकान्याच्या मांडणीतून उभा केला.

त्याच ग्राँटला नोंदींवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही हेही कळलं होतं. मृत्यूचं कारण ठरवायला ज्या स्त्रिया घरोघर जायच्या, त्या लाज वाटावी अशा रोगाचं नाव लिहिण्याऐवजी थोड्या पैशांवर क्षयासारखं दुसरं कारण लिहीत, असा त्याचा संशय होता आणि त्याने तो स्पष्टपणे मांडला. एक रकाना फुगतो तो दुसरा लपवला गेल्यामुळे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आजच्या कुठल्याही तक्त्यासमोर बसताना मला जसंच्या तसं उपयोगी पडतं. एखाद्या तक्त्यात 'इतर' नावाचा रकाना सगळ्यात मोठा दिसला, की मी आधी त्याच्यापाशी थांबतो.

संख्यात्मक आकड्यांचं वर्गीकरण म्हणजे वर्गांतर, प्रत्येक वर्गाची रुंदी, ठरवणं. शाळेत ते प्रश्नातच दिलेलं असतं: ०–१०, १०–२०, २०–३०. आपण आकडा वाचायचा, त्या वर्गापुढे ताळ्याची खूण करायची, चार उभ्या रेघांवर पाचवी तिरकी, आणि शेवटी बेरीज. दहा हा आकडा पहिल्या वर्गात की दुसऱ्या, याचा नियमही दिलेला असतो. पण वर्गांतर दहाचंच का, पाचाचं का नाही, हा प्रश्न बहुधा कुणी विचारत नाही. वर्गांतर हे चाळणीच्या भोकांसारखं असतं. भोकं मोठी ठेवली की बारीकसारीक सगळं एकत्र खाली पडतं, फार लहान ठेवली की जवळपास प्रत्येक दाणा वेगळा राहतो आणि चाळल्याचा उपयोगच होत नाही.

आयरिसच्या फुलांची मोजमापं हे यासाठी माझं आवडतं उदाहरण. एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने जमवलेली ही मोजमापं रोनाल्ड फिशरने १९३६ मध्ये आपल्या लेखात वापरली, आणि तेव्हापासून संख्याशास्त्र शिकणाऱ्या असंख्य लोकांच्या हाताखालून ती गेली आहेत. एकूण १५० फुलं, तीन प्रजाती, प्रत्येकीची ५०. त्यातली फक्त पाकळीची लांबी घ्या. सगळ्यात लहान १ सेंटिमीटर, सगळ्यात मोठी ६.९. सरासरी ३.७६.

आता समजा आपण दोनच वर्ग केले: १ ते ४ आणि ४ ते ७, प्रत्येक वर्गाची वरची मर्यादा पुढच्या वर्गात धरून. पहिल्यात ६१ फुलं येतात, दुसऱ्यात ८९. लांब पाकळ्यांची फुलं थोडी जास्त आहेत, यापलीकडे काहीही कळत नाही. आता वर्गांतर १ सेंटिमीटरचं करा. १ ते २ मध्ये ५० फुलं. २ ते ३ मध्ये एकही नाही. मग ११, ४३, ३५ आणि पुन्हा ११. आयतालेख काढला की डावीकडे एक उंच आयत, मग रिकामी जागा, मग उजवीकडे दुसरा उंचवटा. आकडे तेच. आधीच्या दोन वर्गांच्या मांडणीत ही रिकामी जागा पहिल्या वर्गाच्या पोटात बुजून गेली होती.

आणि आता ती सरासरी पुन्हा बघा. ३.७६ सेंटिमीटर. ३.६ ते ३.९ या पट्ट्यात, म्हणजे सरासरीच्या अगदी आसपास, १५० पैकी अवघी ६ फुलं आहेत. या फुलांचं वर्णन म्हणून सरासरीने जी लांबी सांगितली, ती लांबी त्या फुलांमध्ये जवळजवळ सापडतच नाही. गणितात काहीच चुकलेलं नाही. दोन वेगवेगळे समूह एकत्र धरून त्यांच्या मधोमध बोट ठेवलं, की ते बोट रिकाम्या जागेच्या काठावर पडणारच.

या उदाहरणाला आणखी एक पदर आहे आणि तो सहसा सांगायचा राहून जातो. प्रजाती तीन आहेत, उंचवटे मात्र दोनच. पहिला एकट्या सेटोसा या प्रजातीचा, तिच्या सगळ्या पाकळ्या १.९ सेंटिमीटरच्या आत संपतात. दुसऱ्या उंचवट्यात व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका एकमेकींत मिसळल्या आहेत. एकीची लांबी ३ पासून ५.१ पर्यंत जाते, दुसरीची ४.५ पासून ६.९ पर्यंत. नुसत्या पाकळीच्या लांबीचा आयतालेख कितीही काळजीपूर्वक काढला तरी तिसरी प्रजाती त्यात स्पष्ट दिसत नाही. त्यासाठी यादीतला दुसरा एखादा रकाना लागतो. आलेखाने काय दाखवलं हे बघताना त्याला काय दाखवता येणारच नव्हतं, हेही बघावं लागतं.

आलेखांचा इतिहास आपल्याला वाटतो तितका जुना नाही. संख्या हजारो वर्षं लिहिल्या जात होत्या, भूमितीतल्या आकृत्याही होत्या, पण आयात-निर्यातीसारख्या व्यवहारातल्या आकड्यांसाठी रेघा आणि स्तंभ वापरायची पद्धत रूढ व्हायला १७८६ उजाडावं लागलं. त्या वर्षी विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने इंग्लंडच्या व्यापाराचा एक चित्रसंग्रह छापला. बहुतेक चित्रांमध्ये आडव्या अक्षावर वर्षं होती आणि आयात-निर्यातीच्या रेघा वरखाली जात होत्या. स्कॉटलंडच्या व्यापाराची मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाची माहिती होती, त्यामुळे काळाची रेघ काढता येईना. म्हणून त्याने प्रत्येक देशासाठी आयात आणि निर्यातीच्या पट्ट्या काढल्या. आज सगळ्यात सोपा म्हणून पहिल्यांदा शिकवला जाणारा स्तंभालेख असा माहिती अपुरी पडल्यामुळे आला. प्लेफेअरला स्वतःला तो आपल्या काळाच्या रेघांपेक्षा उणा वाटत होता, कारण त्यात काळ नव्हता. १८०१ मध्ये त्यानेच वृत्तालेखही छापला.

वृत्तालेखाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दोन-तीन भाग असतील तर तो चालतो, सात-आठ झाले की डोळ्यांना कोनांची तुलना जमत नाही. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकाच मोजपट्टीवरच्या जागांची तुलना माणसं सगळ्यात अचूक करतात, कोन आणि क्षेत्रफळ यांच्यात जास्त चुकतात. स्तंभांची टोकं एकाच अक्षावर मोजता येतात, म्हणून स्तंभालेख जिंकतो. त्या बदल्यात स्तंभालेखाला एक पथ्य पाळावं लागतं: त्याचा उभा अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे. ९८ आणि १०० या संख्यांचे स्तंभ ९७ पासून सुरू केले तर एकाची उंची १ आणि दुसऱ्याची ३ दिसते. दोन टक्क्यांचा फरक तिप्पट होऊन बसतो. असा आलेख काढणाऱ्याने प्रत्येक आकडा खरा लिहिलेला असतो, तरीही बघणाऱ्याची फसवणूक झालेली असते आणि तिची जबाबदारी काढणाऱ्याचीच आहे.

आता सरासरीकडे येतो. मध्य, मध्यक आणि बहुलक ही तीन परिमाणं एकाच धड्यात शिकवली जातात, त्यामुळे ती एकाच प्रश्नाची तीन उत्तरं आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात प्रश्नच तीन वेगळे आहेत. सगळ्यांचं एकत्र करून सारखं वाटलं तर प्रत्येकाला किती? रांगेत बरोबर मधोमध कोण उभं आहे? सगळ्यात जास्त वेळा काय आढळतं? वितरण, म्हणजे आकडे कुठे किती पसरले आहेत त्याचा आकार, दोन्ही बाजूंनी सारखं आणि एकाच उंचवट्याचं असेल तर उत्तरं जवळजवळ एकच येतात आणि फरक करायची गरज पडत नाही. एका बाजूला लांब शेपूट असेल तर ती एकमेकांपासून दूर जातात.

ही शेपूट म्हणजे काय, हे मला जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांच्या आयुष्यातून जितकं कळलं तितकं कुठल्याही व्याख्येतून कळलं नाही. १९८२ मध्ये त्यांना पोटाचा मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग झाल्याचं निदान झालं. उपचारातून सावरताच त्यांनी वैद्यकीय ग्रंथालयात जाऊन त्या रोगाची माहिती काढली. निदानानंतर जगण्याच्या काळाचा मध्यक होता आठ महिने. कुणीही याचा अर्थ आठ महिन्यांत मरण असाच घेतला असता. गूल्ड आयुष्यभर जीवांमधली विविधता मोजत आलेले होते, त्यामुळे त्यांना त्या संख्येमागचं वितरण दिसलं. मध्यक आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगतात. डावीकडे शून्याची भिंत आहे, निदानाच्या आधी कुणी मरू शकत नाही. उजवीकडे तशी भिंत नाही, तिथे काही रुग्ण वर्षानुवर्षं जगतात आणि शेपूट लांबत जाते. आपलं वय, निदानाची वेळ, मिळणारे उपचार हे सगळं बघून आपण त्या शेपटीत असण्याची शक्यता बरीच आहे, असं त्यांनी ठरवलं. या अनुभवावर त्यांनी १९८५ मध्ये एक लेख लिहिला. ते त्यानंतरही पुष्कळ जगले, २००२ मध्ये वारले ते वेगळ्याच कर्करोगाने. रुग्णाच्या हाती नुसता मध्यक ठेवणं आणि त्याच्यासोबत वितरणाचा आकार ठेवणं, यात किती अंतर आहे हे या एका उदाहरणातून दिसतं. कुणी वाईट बातमी एका संख्येत सांगितली तर त्या संख्येच्या दोन्ही बाजूंना काय आहे हे विचारायचा हक्क ऐकणाऱ्याला आहे, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

विखुरणं मोजायची परिमाणं याचसाठी आहेत. ४८, ४९, ५०, ५१, ५२ आणि १०, ३०, ५०, ७०, ९० या दोन संचांचा मध्य ५०, मध्यकही ५०. फक्त केंद्र सांगितलं तर दोन्ही संच एकच वाटतात. विस्तार, म्हणजे कमाल वजा किमान, सांगितला तर पहिल्याचा ४ आणि दुसऱ्याचा ८०. पण विस्तार फक्त टोकाच्या दोन आकड्यांवर उभा असतो, एक विचित्र नोंद आली की कोलमडतो. चतुर्थक, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार सारखे भाग करणाऱ्या संख्या, मधल्या निम्म्या आकड्यांकडे बघतात, म्हणून ते जास्त स्थिर. प्रमाण विचलन प्रत्येक आकड्याचं सरासरीपासूनचं अंतर धरतं, पण अंतराचा वर्ग करत असल्याने दूरच्या आकड्यांना फार वजन देतं. जॉन ट्यूकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाला किमान, पहिला चतुर्थक, मध्यक, तिसरा चतुर्थक आणि कमाल हा पाच संख्यांचा सारांश पसंत होता. त्यावरून काढलेला पेटीसारखा आलेख त्याने रूढ केला. त्याच्या कल्पनांपैकी मला सगळ्यात भावते ती खोड-पान मांडणी. दशक डावीकडे एकदाच लिहायचा, त्याच्या ओळीत एकक एकेक करून मांडायचे: ४ च्या पुढे १, ३, ३, ८ म्हणजे ४१, ४३, ४३, ४८. ओळींच्या लांबीतून आयतालेखाचा आकार दिसतो आणि प्रत्येक आकडाही जागेवर राहतो. संक्षेप करताना इतकं थोडं गमावणारी दुसरी रीत मला माहीत नाही. संगणकाच्या काळात ती मागे पडली याची मला खंत वाटते. तीस-चाळीस आकड्यांसाठी ती आजही कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत होते.

केंद्र आणि विखुरणं दोन्ही सांगितलं म्हणजे झालं, असं मात्र नाही. फ्रान्सिस अँस्कम याने १९७३ मध्ये चार लहान संच तयार केले. प्रत्येकात क्ष आणि य यांच्या ११ जोड्या. चारही संचांत क्ष ची सरासरी ९, य ची ७.५, दोघांची विखुरणंही जवळपास तीच, सहसंबंध (दोघं सरळ रेघेत किती एकत्र बदलतात याचं माप) ०.८१६, आणि त्यातून बसणारी सरळ रेघही एकच. सारांश बघून चौघांना वेगळं ओळखणं अशक्य. आणि ठिपके मांडले की पहिल्यात एका रेघेभोवती साधं विखुरणं, दुसऱ्यात स्वच्छ वक्र, तिसऱ्यात दहा ठिपके एका रेघेत आणि एकच दूर उडालेला, चौथ्यात दहा ठिपके एकाच उभ्या रांगेत आणि एक एकटाच टोकाला, ज्याच्यावर सगळा सहसंबंध टांगलेला. संगणक नव्याने हाती आल्यावर आलेख काढणं मागासलेपणाचं वाटू लागलं होतं, त्या काळात त्याने हे मुद्दाम बनवलं. आज संगणक क्षणात आलेखही काढतो. तरीही निष्कर्षांमध्ये संख्या आधी येतात, आलेख शोभेपुरता मागून येतो, हा क्रम फारसा बदललेला मला दिसत नाही.

इथवर जे टाकलं जातं ते मांडणी करताना टाकलं जातं. याहून धोकादायक असतं मांडणीच्या आधी टाकलेलं, कारण ते आलेखावर कुठेच दिसत नाही. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणाबद्दल दूरध्वनीवर चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी पडणार होती, आणि प्रक्षेपकाच्या सांध्यांमधली रबरी कडी थंडीत नीट काम करणार नाही अशी अभियंत्यांना भीती होती. आधीच्या उड्डाणांपैकी ज्यांच्या सांध्यांना इजा झाली होती, त्यांची तापमानं तपासली गेली. इजा थंडीतही झाली होती आणि उबदार हवेतही, म्हणून तापमानाचा संबंध दिसत नाही असं वाटलं. उड्डाण झालं आणि सात अंतराळवीर मरण पावले.

चौकशी आयोगाच्या अहवालात मग ती उड्डाणंही मोजली गेली ज्यांत काहीच बिघडलं नव्हतं. ६५ अंश फॅरनहाइटपेक्षा कमी तापमानात झालेल्या चारही उड्डाणांत सांध्यांना इजा झाली होती. त्याहून उबदार हवेतल्या २० उड्डाणांपैकी फक्त तिघांत. चारपैकी चार, आणि वीसपैकी तीन. यासाठी कुठलंही प्रगत गणित लागत नाही. दोन ओळी आणि दोन स्तंभांचा तक्ता पुरतो, जो वारंवारता सारणी शिकलेला कुणीही मांडू शकतो. बिघाड न झालेली उड्डाणं बिघाडाबद्दल काही सांगणार नाहीत असं गृहीत धरून ती तक्त्याबाहेर राहिली होती. हे वाचल्यापासून कुणी मला फक्त घडलेल्या घटनांची यादी दिली, तर न घडलेल्या किती हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. अपघातांच्या यादीसोबत अपघात न झालेले प्रवास लागतात, बऱ्या झालेल्या रुग्णांसोबत बरे न झालेले लागतात.

क्रमाबद्दलचं जे उदाहरण द्यायचं राहिलं होतं ते आता देतो. १८८२ मध्ये सायमन न्यूकोम्ब हा खगोलशास्त्रज्ञ प्रकाशाचा वेग मोजत होता. पोटोमॅक नदीच्या एका बाजूने सोडलेला प्रकाशकिरण पलीकडे वॉशिंग्टन स्मारकाच्या पायथ्याशी ठेवलेल्या आरशावरून परत यायचा. जाऊन-येऊन साधारण ७,४०० मीटर. त्याला लागणारा वेळ सुमारे २४,८०० नॅनोसेकंद, आणि नोंदी सोप्या करण्यासाठी त्या २४,८०० च्या वर किती, एवढंच आज लिहिलं जातं. अशी ६६ वाचनं आहेत. पहिली काही अशी: २८, २६, ३३, २४, ३४, उणे ४४, २७, १६, ४०, उणे २.

चढत्या क्रमाने लावून आयतालेख काढला तर ६४ वाचनं १६ ते ४० मध्ये एका सुंदर उंचवट्यात बसतात आणि दोन डावीकडे दूर पडतात. सगळ्या ६६ ची सरासरी २६.२, मध्यक २७. त्या दोन वाचनांनी सरासरी खाली ओढली, मध्यकाला फारसं हलवता आलं नाही. धडा इथेच संपवला जातो. पण मूळ क्रमाने, काळ आडव्या अक्षावर घेऊन तीच वाचनं मांडली की आणखी काही दिसतं. उणे ४४ हे सहावं वाचन आहे आणि उणे २ हे दहावं. दोन्ही अगदी सुरुवातीची, आणि पुढे पुढे वाचनांचं वरखाली होणंही कमी होत जातं. उपकरणावर हात बसत गेला असावा, असं त्या आलेखाकडे बघताना वाटतं. आयतालेखात हे शोधून सापडणार नाही, कारण क्रम पहिल्याच पायरीवर गेलेला असतो.

न्यूकोम्बने उणे ४४ वगळलं, उणे २ ठेवलं, आणि उरलेल्या ६५ ची सरासरी घेतली. ती २७.३ येते. दोन्ही वगळली असती तर २७.७५ आली असती. कोणती निवड योग्य यावर वाद घालता येतो, आणि मी स्वतः सगळी वाचनं दाखवून मध्यक सांगितला असता. पण आजच्या मोजणीनुसार त्याच एककात खरी किंमत सुमारे ३३ आहे. तीन सरासऱ्यांपैकी एकही तिच्या जवळ जात नाही. उंचवट्यातली बहुतेक वाचनंच तिच्या खाली आहेत. ही तफावत प्रत्येक वाचनात सारखीच मिसळलेली असल्यामुळे ती ना विस्तारात दिसते ना प्रमाण विचलनात, आणि कुठल्याही आलेखात ती वेगळी उठून येत नाही. ती कळायला दुसऱ्या उपकरणाने, दुसऱ्या पद्धतीने मोजावं लागलं. न्यूकोम्बने आपल्या लेखात वाचनं एकेक करून दिली होती, वगळलेलं सहावं वाचनसुद्धा. त्यामुळे त्या दोन एकाकी आकड्यांसह ती सगळी आज कुणालाही पुन्हा मांडता येतात, आणि वगळण्याचा त्याचा निर्णय तपासताही येतो.